एक बोट जास्त

शुक्रवार बाजारात मी गेले होते
कुकरची रिंग शोधायला.
फहाहीलहून दोन बसा बदलून.
लिसम्मा म्हणाली होती, तिथे सगळं मिळतं,
मेलेल्यांचे चष्मेसुद्धा.

पत्र्याखाली रिमोटांचा ढीग, गालिचे, पिंजऱ्यातले पोपट,
आणि एका खोक्यावर ते दोघे:
तांबूस, पोटरीइतके उंच, पुढे निमुळते,
टाच तिरकी,
अंगभर पांढऱ्या दोऱ्याची वेलबुट्टी.
घोड्यावर बसणाऱ्यांचे बूट.

घोडा मी जवळून पाहिला तो मावसभावाच्या वरातीत.
भाड्याचा, आणि कंटाळलेला.

माझे पाय रुंद.
जांभ्यावर अनवाणी पसरलेले.
आई म्हणायची, पाय आहेत की सुपं!
इथल्या मॉलमधल्या मुली नंबर ऐकून आत जातात
आणि बऱ्याच वेळाने
नुसतं हसू घेऊन बाहेर येतात.
दवाखान्यात बारा तास उभी राहते
ती कंपनीच्या पांढऱ्या बुटांत. करंगळी
कधीची आपल्या शेजारणीच्या अंगावर चढून बसली आहे.

जानान गुलने स्टूल पुढे सरकवलं.
"बस बाजी. संध्याकाळचा पाय खरा.
सकाळचा खोटं बोलतो."
आणि मग म्हणाला, "कान धर."

बुटाला वर दोन कान असतात.
गुरुजी धरायचे तसे धरले
आणि पाय आत लोटला.
घोट्याखाली अडला.
"अजून," तो म्हणाला.
अजून.
मग आतून भप्प असा आवाज आला,
हवा उठून गेल्याचा,
आणि चवडा कुणीतरी दोन्ही हातांत घेतला.

"मोठा आहे," मी म्हटलं. सवयीने.
"टाच उचलते आहे."
"तेवढी उचलूच दे. याला नाडी नाही,
हा वरून धरतो."

उजव्यातून चिमूटभर वाळू पडली.
कुणाचे होते?
"तेलवाला साहेब. गेला."
मायदेशी की वर, ते विचारलं नाही.
गेला, यात दोन्ही बसतं.

बाबा कुडाळच्या बाजाराला निघताना
केरसुणीतला एक हीर उपसायचे,
माझ्या पावलाला लावायचे,
आणि मोडताना एक बोट जास्त ठेवायचे.
वाढता पाय आहे.
ती काडी खिशात, पेनाशेजारी.
जूनमध्ये आणलेली चप्पल मार्चमध्ये बसायची.
तोवर मी बोटं आवळून चालायची,
आणि बसू लागली की
त्याच आठवड्यात तिचा अंगठा तुटायचा.

लग्नाच्या ब्लाउजलाही आत दोन बोटं माया होती.
ती कधी उसवावी लागली नाही.

साडेतीन दिनार. कुकरची रिंग राहिली.

जानेवारीत साल्मियाला म्हात्रेबाईंकडे हळदीकुंकू.
दाराबाहेर मण्यांच्या, खड्यांच्या चपला,
आणि मध्ये माझे बूट, ताठ,
जणू कुणी आत यायचं थांबलं आहे.
निघताना पाहिलं तर म्हात्र्यांचा ओजस
मांड्यांपर्यंत त्यांत उतरलेला.
त्याला चालता येईना, आणि बाहेरही यायचं नव्हतं.

खोलीवर आले तेव्हा अकरा.
हे काढायला दुसरं माणूस लागतं, ते कुणी सांगितलं नव्हतं.
लिसम्मा रात्रपाळीला.
दाराच्या फटीत टाच अडकवून एक ओढला,
दुसरा तसाच पायात, आणि फोन वाजला.

"आई, शाळेचे बूट पाठवणार आहेस ना?
नंबर आठ."
नऊ घेते, मी म्हणणार होते.
तोंडात आलंच होतं.
चौथं वर्ष चालू आहे, फोटोत
पाय केवढा ते कळत नाही,
म्हणून मी दर वेळी एक बोट जास्त धरत आले.

"माप घे," म्हटलं. "आत्ता नको, उद्या. संध्याकाळी.
केरसुणीतला एक हीर काढ,
टाचेपासून लाव,
आणि अंगठ्यापाशीच मोड. बरोबर तिथेच."

तो थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, "आपली केरसुणी प्लास्टिकची आहे गं.
कशाने मोजू?"